प्रश्नांचं बाळकडू

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



एका छोट्या खेळानं सुरुवात करू. 'तो केव्हाच गेला' आणि 'तो कधीच गेला' ही दोन वाक्यं मनातल्या मनात म्हणून पाहा. दोन्हींचा अर्थ एकच, त्याला जाऊन बराच वेळ झाला. आता दोन्हींच्या शेवटी 'नाही' जोडा. 'तो कधीच गेला नाही.' हे ठीक वाटतं. 'तो केव्हाच गेला नाही.' इथं मात्र घासात खडा लागावा तसं होतं. हा नियम शाळेत कुणी शिकवला होता? मला तरी आठवत नाही. पण कामथडीच्या पारावर बसलेल्या, पाटी-पेन्सिल न धरलेल्या म्हाताऱ्याला हे वाक्य ऐकवा. तोही म्हणेल, 'आसं न्हाई बोलत कुनी.' 'का नाही बोलत?' असं विचारलं, तर तो हसेल आणि म्हणेल, 'न्हाई बोलत म्हंजे न्हाई बोलत.'

आज मला बोलायचं आहे ते या कानाविषयी. कोण, काय, कुठे, केव्हा, कधी, कसा, किती, कितवा, का असं प्रश्नांच्या शब्दांचं एक कुटुंबच आपल्या भाषेत नांदतं. या कुटुंबाच्या रीतीभाती आपल्याला बिनचूक ठाऊक असतात, पण त्या सांगा म्हटलं की आपण गडबडतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघालं. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं ते १९११ साली. त्याआधीही शेकडो वर्षं या मुलखातल्या आयाबाया, गुराखी, बलुतेदार एकमेकांना बिनचूक प्रश्न विचारतच होते. व्याकरणकारांनी नियम तयार केले नाहीत. लोकांच्या तोंडी जे होतं, ते त्यांनी नीट मांडून ठेवलं.

सगळ्यात लहान शब्द घेऊ, 'का'. 'तू येतोस का?' आणि 'तू का येतोस?' शब्द तेच तीन. 'का'ची जागा फक्त बदलली. पहिल्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' पुरतं. दुसऱ्याला कारण द्यावं लागतं. पहिल्यात बोलावणं आहे, दुसऱ्यात जाब आहे. तीन-साडेतीन वर्षांचं मराठी पोर या दोहोंत कधी गल्लत करत नाही. 'जेवतोस का?' असं विचारलं, तर ते 'भूक लागली म्हणून' असं उत्तर देत नाही.

आता 'कोण' पाहा. दाराची कडी वाजली, की घरातून हाक येते, 'कोण आलंय?' 'आलाय' नाही, 'आलीये' नाही, 'आलंय'. बाहेर बाई आहे की बुवा, हे अजून ठाऊक नाही, म्हणून आपण नपुंसकलिंग वापरतो. मराठीला तीन लिंगं आहेत आणि त्यातलं तिसरं अशा अनोळखी पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं आहे. बाहेर बांगड्या वाजल्या, तर तीच हाक 'कोण आलीये?' अशी येऊ शकते. चुलीपुढं बसलेली बाई हा बदल क्षणात करते. तिला क्षणभरही थांबावं लागत नाही.

प्रश्नाचा प्रत्येक शब्द आपल्या उत्तराचं माप सोबत घेऊन येतो. 'कोण' म्हटलं की माणसाएवढी जागा रिकामी होते, 'कुठे' म्हटलं की गावाएवढी. 'कोण आलं?' याऐवजी 'कोण कोण आलं?' म्हटलं, तर एका नावानं भागत नाही, यादी द्यावी लागते. बाजारातून आलेल्याला 'काय काय आणलंस?' विचारलं, की पिशवी उलटी करावी लागते. आणि 'कितवा' म्हटलं, की एका रांगेतली नेमकी जागा सांगावी लागते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो हाच, 'काय रे, कितवीत आहेस?' या 'कितवी'ला इंग्रजीत एका शब्दाचं घर नाही. मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा खड्डा हमखास लागतो.

आमचं कामथडी भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर. शेजारचा वेल्हे तालुका आता राजगड या नावानं ओळखला जातो. सुट्टीच्या दिवशी गडावर निघालेली शहरातली मुलं गाड्या थांबवून विचारतात, 'राजगडला कुठून जायचं?' इकडचा माणूस रस्ता सांगतो आणि उलट विचारतो, 'कुठून आलात?' कुणी म्हणतं 'पुण्याहून', कुणी म्हणतं 'कात्रजच्या बोगद्यातून'. उत्तरं दोन तऱ्हेची आणि दोन्ही बरोबर. 'कुठून'मध्ये निघण्याचं ठिकाणही आहे आणि वाटही आहे. विचारणाऱ्याला कोणतं हवं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्याच्या ओघावरून आपल्याला कळतं.

पाहुणा दारात आला, की तर या शब्दांची खरी परीक्षा असते. 'का आलात?' असं कोणी म्हटलं, तर पाहुण्याचं एक पाऊल मागं जातं. 'कशाला आलात?' म्हटलं, तर तो चप्पलच काढणार नाही. 'कसं काय येणं केलंत?' म्हटलं, की तो ओसरीवर टेकतो आणि चहाचं आधण चढतं. तिन्ही प्रश्नांना हवं आहे ते एकच, येण्याचं कारण. गंमत पुढं आहे. तोच पाहुणा पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढतो आणि घरची बाई म्हणते, 'हे कशाला आणलंत?' आता हाच 'कशाला' मायेचा झाला. कोशात 'कशाला'चा अर्थ मिळतो. तो कुठं टोचतो आणि कुठं गोंजारतो, हे मात्र घरातच कळतं.

आपले कितीतरी प्रश्न तर प्रश्नच नसतात. 'गरिबाला कोण विचारतो?' याला उत्तर द्यायचं नसतं. 'मला काय माहीत?' म्हणजे मला माहीत नाही. 'किती हा पाऊस!' म्हटल्यावर कोणी मिलिमीटर मोजायला जात नाही. आणि भात लावणीच्या दिवसांत एक शेतकरी दुसऱ्याला विचारतो, 'काय म्हणतोय पाऊस?' तेव्हा तो पावसाची, भाताची, कर्जाची, घरातल्या आजाऱ्याची, सगळ्याचीच चौकशी करत असतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरात दखनी होती आणि उंबरठ्याबाहेर मराठी. पोर रडायला लागलं, की आई विचारायची, 'कायकू रोता रे?' शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, 'का रं रडतोस?' पोर एकच, रडणं एकच, प्रश्न दोन भाषांत. आईला दखनीत उत्तर मिळायचं आणि काकूंना मराठीत. कुणाशी कोणती भाषा बोलायची, हे चार वर्षांच्या मुलाला सांगावं लागत नव्हतं. सबंध महाराष्ट्राचा नकाशा तर या एका 'का'वरून काढता येईल. वऱ्हाडात 'काहून', खानदेशात अहिराणी बोलणारा म्हणेल 'काबरं', मालवणात 'कित्याक', आणि आमच्या मावळपट्ट्यात 'का रं'. ज्याला जो कानावर पडला, तो त्याला आईच्या दुधासारखा पचला.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीतले हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय हे शब्द आमच्या मुलांना परके वाटतात. प्रत्यक्षात ते दूरचे का होईना, नातेवाईक आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना असा विचार मांडला, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून फुटल्या असाव्यात. पुढच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांनी ध्वनी कसे बदलत गेले, याचा माग काढला. संस्कृतात 'कः', लॅटिनमध्ये 'क्विस', फारसीत कुठे या अर्थी 'कुजा', हिंदी-उर्दूत 'कौन', मराठीत 'कोण'. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची, तिथं या 'क'चा 'ह' झाला. जुन्या इंग्रजीत 'कोण'ला 'ह्वा' म्हणत. त्याचाच आजचा 'हू'.

हे नातं एवढ्यावर संपत नाही. आपण म्हणतो कुठे आणि तिथे, केव्हा आणि तेव्हा, काय आणि ते. 'क'नं विचारायचं, 'त'नं दाखवायचं. इंग्रज काय म्हणतो? व्हेअर आणि देअर, व्हेन आणि देन, व्हॉट आणि दॅट. तिथंही एक अक्षर विचारतं आणि दुसरं दाखवतं, आणि या जोड्या मुळात एकाच घरातून निघालेल्या आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांकडून टाळ्या वाजवत 'केव्हा-तेव्हा, व्हेन-देन. कुठे-तिथे, व्हेअर-देअर' असं म्हणून घ्यावं. इंग्रजी म्हणजे आभाळातून पडलेलं संकट नाही, हे त्यांना पाठांतराशिवाय कळेल.

अरबी मात्र या कुटुंबातली नाही. ती वेगळ्या कुळातली. तरी तिचा एक प्रश्न आपल्या घरात येऊन राहिलेला आहे. अरबीत 'कसं' याला 'कैफ' म्हणतात. त्यावरून 'कैफियत' शब्द झाला. कैफियत म्हणजे कसं काय घडलं, ती हकिकत. पेशवाईच्या दप्तरात हा शब्द आहे, कोर्टात आहे आणि 'माझी कैफियत कोण ऐकणार?' असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडीही आहे.

इतकं जवळचं नातं असूनही आमची मुलं इंग्रजी प्रश्नाशी अडखळतात, ते कशामुळे? कारण मराठीत प्रश्न उत्तराच्या जागी बसतो. 'तू कुठे राहतोस?' 'मी कामथडीत राहतो.' 'कुठे' उचलायचं, तिथंच 'कामथडीत' ठेवायचं. बाकी काही हलवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र 'व्हेअर'ला ओढून वाक्याच्या पुढं आणावं लागतं, आणि मध्ये 'डू' नावाचा एक हमाल उभा करावा लागतो, व्हेअर डू यू लिव्ह? या 'डू'ला स्वतःचा अर्थ नाही. तो नुसता भार वाहतो. आमच्या मुलाला त्याची गरजच वाटत नाही, म्हणून ते म्हणतं, 'व्हेअर यू लिव्ह?' मास्तर लाल रेघ ओढतात. त्या मुलाच्या मागं मराठीचं आख्खं तर्कशास्त्र उभं असतं, ते लाल शाईला दिसत नाही.

आणि श्रोतेहो, इंग्रजी ज्यांची मायबोली, त्या मुलांचं काय होतं? अमेरिकेत १९६०च्या दशकात रॉजर ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन लहान मुलांचं बोलणं महिनोन्‌महिने नोंदवून ठेवलं. अभ्यासात त्या मुलांना ॲडम, ईव्ह आणि सारा अशी नावं दिलेली आहेत. या नोंदींतून दिसलं, की इंग्रज पोरंसुद्धा आधी प्रश्नाचा शब्द नुसता वाक्याच्या तोंडाशी लावतात. पुढची उलटापालट त्यांना मागाहून जमते. म्हणजे आमच्या मुलाची जी 'चूक', तिच्याच जवळपासची पायरी त्यांनाही चढावी लागते. शब्दांचाही क्रम असतो. 'व्हॉट' आणि 'व्हेअर' आधी येतात. 'व्हाय', 'हाऊ', 'व्हेन' मागून. मराठी घरात पाहिलं तरी काहीसं हेच दिसतं. पोर आधी बोट दाखवून 'हे काय?' विचारतं. 'का'चा भडिमार नंतर सुरू होतो, कारण त्यासाठी एका गोष्टीमागं दुसरी गोष्ट असते, हे आधी कळावं लागतं.

त्या मुलांच्या आया मुलांना मांडीवर घेऊन नियम सांगत नाहीत. मूल विचारतं, कोणीतरी उत्तर देतं, मूल पुन्हा विचारतं. दिवसातून शंभर वेळा. इंग्रज मुलाला पाण्यासाठी 'हाऊ मच' आणि माणसांसाठी 'हाऊ मेनी' हे असंच कळतं, जसं आपल्याला 'कधीच' आणि 'केव्हाच' कळलं. आमच्या एका 'किती'मध्ये पाणीही मावतं आणि माणसंही मावतात, म्हणून आमच्या मुलाला तिथं थबकावं लागतं. त्याची अक्कल कमी आहे, असं नव्हे. ते शंभर वेळा विचारणं त्याच्या वाट्याला आलेलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. जून २०००पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तोवर ते पाचवीत भेटायचं. त्या निर्णयावर तेव्हा वाद झाले. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा विषय आला, तेव्हाही राज्यभर वादळ उठलं आणि सरकारला ते निर्णय मागं घ्यावे लागले. या वादांना महत्त्व आहेच. पण जरा पाहा, आपण दर वेळी भांडतो ते 'कितवीपासून' यावर. भाषा पोराच्या तोंडी कशी रुजते, हा प्रश्न मागंच राहतो.

कुठल्याही इंग्रजीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसा. हू, व्हॉट, व्हेअर हे शब्द तासाभरात पन्नास वेळा ऐकू येतील, आणि ते सगळे शिक्षकांच्या तोंडून येतील. व्हॉट इज युवर नेम? व्हेअर डू यू लिव्ह? मुलं उत्तर देतात, माय नेम इज अमुक, आय लिव्ह इन तमुक. दहा वर्षं मुलं उत्तरं देतात. परीक्षेतही उत्तरंच लिहितात. प्रश्नाचे शब्द ती ऐकतात, वाचतात, पण वापरत नाहीत. आणि प्रश्नाचा शब्द तर विचारल्याशिवाय अंगी लागत नाही. विहिरीच्या काठावर बसून पोहण्याची पुस्तकं वाचावीत, तसं हे चाललेलं असतं.

उपाय फार खर्चाचा नाही. तासातली दहा मिनिटं मुलांना विचारू द्यावं. फळ्याजवळ झाकलेली टोपली ठेवावी आणि आत काय आहे, ते त्यांनी इंग्रजीत विचारून काढावं. किती आहे, कुठून आणलं, कोणी आणलं. 'डू' गळाला तर गळू द्यावा. 'मेनी'च्या जागी 'मच' आला तर बिघडत नाही. मुलाला खरोखर काही जाणून घ्यायचं आहे आणि त्यासाठी हा शब्द हवा आहे, एवढं झालं की पुढचं काम कान करतो. मराठीत त्यानं तेच केलं होतं.

पण त्यासाठी मुलाला विचारायची सवय आधी मायबोलीत असायला हवी. इथं आपण घरातली माणसंही जबाबदार आहोत. पोरानं 'का?' म्हटलं, की आपण म्हणतो, 'उगीच.' दुसऱ्यांदा म्हटलं, की 'मोठ्यांना उलट विचारू नये.' मुलगी असेल, तर तिसऱ्यांदा म्हणायची वेळच येत नाही. 'काय', 'कुठे', 'किती' आपण चालवून घेतो. 'का' मात्र घरात रुचत नाही, शाळेत रुचत नाही आणि कचेरीत तर नाहीच नाही.

कचेरीवरून आठवलं. माहितीचा अधिकार २००५च्या केंद्रीय कायद्यानं देशभर आला. आमच्याकडची साधी माणसं अर्ज करून विचारू लागली, रस्त्याला किती पैसे आले, ठेका कोणी घेतला, काम केव्हा झालं. किती, कोण, केव्हा. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या खंडपीठानं एका निकालात सांगितलं, की या कायद्यातल्या 'माहिती' या व्याख्येत 'का' या प्रश्नाची उत्तरं बसत नाहीत. दप्तरात जे लिहिलेलं आहे, ते मागता येईल. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं समर्थन अधिकाऱ्याकडून 'माहिती' म्हणून मागता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं त्यात तथ्य असेल. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणं द्यावीत, असंही म्हटलेलं आहे. मला लक्षात राहिलं ते एवढंच, की तीन-चार वर्षांच्या पोराला 'किती' आणि 'का' यांतला जो फरक कळतो, तोच फरक अखेर न्यायालयालाही स्पष्ट करून सांगावा लागला.

आणि म्हणून हा शब्द जपायला हवा. 'किती'चं उत्तर वहीत सापडतं, 'केव्हा'चं कॅलेंडरात, 'कुठे'चं नकाशात. 'का'चं उत्तर समोरच्या माणसाला स्वतःच्या मनातून काढून द्यावं लागतं, म्हणून तो मोठ्या माणसांना जड जातो. ग्रामसभेत उठून 'आमच्या वस्तीला पाणी का नाही?' असं विचारणाऱ्या बाईला तो शब्द व्याकरणाच्या पुस्तकानं दिलेला नसतो. लहानपणी तिनं कधीतरी 'का' म्हटलं होतं आणि कोणीतरी तिला 'गप्प बस' न म्हणता उत्तर दिलं होतं. मराठी असो, दखनी असो, उद्याची इंग्रजी असो, प्रश्नाचा शब्द असाच रुजतो. तेव्हा घरातलं पोर पुढच्या वेळी 'का' म्हणेल, तेव्हा हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि जे ठाऊक आहे, ते त्याला सांगा. त्यानंतर ते पुन्हा 'का?' म्हणेलच. म्हणू द्या.